सुगंधाबाई मूलला उतरली नाही

आमच्या मच्छीमार सोसायटीला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार आहे. सचिव धनराज मांढरे माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मास्तर, रुपालीवर तुमीच लिवा."

मी म्हणालो, "बाप्पा, मी पोस्टातला माणूस. दुसऱ्यानं लिवलेलं वाटत जनम गेला. पत्त्याच्या पुढं मले काई लिवता येत नाई."

"मंग पत्ता लिवा, आन् थांबू नोका," असं म्हणून तो सायकलवर बसून निघून गेला.

तर पत्ता असा: रुपाली मनसाराम पचारे, तलावाच्या पाळीखाली, तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर. पुढचं जमेल तसं लिहितो. चुकलं तर धनराजने दुरुस्त करून घ्यावं.

रुपालीचे वडील मनसारामभाऊ म्हणजे आमच्या गावातला सगळ्यात चांगला बुडी मारणारा ढिवर, म्हणजे मासेमार. आमचा तलाव जुना, मालगुजारीच्या काळातला. पाळ बांधून पाणी अडवलं तेव्हा आतली झाडं तोडली, पण बुंधे जागच्या जागी राहिले. ते अजून पाण्याखाली आहेत. मोठं जाळं ओढायला घेतलं की त्याची खालची कड कुठल्यातरी बुंध्याला अडकतेच. मग एकाने डोंग्यातून उडी मारून, तळाशी जाऊन ती सोडवावी लागते. त्याच्या कमरेला दोर बांधलेला असतो आणि दोराचं दुसरं टोक पाळीवर असतं. कड सुटली की तो पाण्यातून दोराला दोन झटके देतो. दोर धरणारा ओरडतो, "ओढा!" आणि मगच दोन्हीकडची माणसं जाळं ओढतात. अंदाजाने आधीच ओढलं तर जाळं फाटतं. बुडी मारणारा त्यात गुंतला असेल तर त्याचं काय होईल ते लिहायला नको.

म्हणून दोर कोणी धरायचा याचा आमच्याकडे नियम आहे. तो घरच्याच माणसाने धरायचा. नुसता हातात धरायचा नाही, मनगटाला गुंडाळायचा. मनसारामभाऊंना मुलगा नाही. त्यांच्या बायकोला, ताराबाईंना, नवरा पाण्याखाली गेला की डोळे उघडवत नाहीत. त्यामुळे रुपाली शाळेत जायला लागली तेव्हापासूनच बापाचा दोर धरत आली. मासेमारीच्या दिवशी फ्रॉक घातलेली ती पोर पाळीवर बसलेली असायची. मनगटाला दोर, नजर पाण्यावर, आणि तोंडाने एक शब्द नाही. मी टपालाची पिशवी घेऊन पाळीवरून जायचो. तिला हाक मारली तरी ती मान वळवायची नाही. मला वाटायचं, पोरगी गर्विष्ठ आहे. माझे माणसांबद्दलचे अंदाज बहुतेक असेच चुकतात.

बारावी झाल्यावर ती चंद्रपूरला गेली. होस्टेलात राहून कम्प्युटरचं शिक्षण घेतलं, पण मोठ्या जाळ्याच्या दिवशी दोर धरायला गावी यायचीच. परत आली तेव्हा धनराजने तिला सोसायटीच्या ऑफिसात सगळ्यांसमोर विचारलं, "काय वो पोरी, कम्प्युटरनं मासोळी पकडता येते का?"

"पकडता नाई येत काका," ती म्हणाली. "पन इकता येते."

लोक हसले. पण ती खरंच बोलत होती.

तोवर आमची मासोळी एकच ठेकेदार उचलायचा. त्याची गाडी येईल तेव्हा येईल. रोहू, कतला टोपल्यांत पडून असायचे आणि आमची माणसं रस्त्याकडे डोळे लावून बसलेली. रुपालीने चंद्रपूरच्या काही लोकांना गाठलं. ते खेड्यापाड्यांत कम्प्युटर देत होते. त्यांनी आमच्या सोसायटीला एक दिला. हे दोन हजार तीन-चारच्या सुमारास झालं. कम्प्युटर आला तो माझ्या घरी, आणि त्यात माझी काही हुशारी नव्हती. पोस्टातल्या नोकरीमुळे तलावाच्या बाजूला फोन फक्त माझ्याकडे होता आणि इंटरनेट फोनच्या तारेतूनच यायचं. पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखाली टेबल मांडलं आणि त्यावर तो ठेवला. खोकं मी बाहेर टाकायला निघालो तर धनराज म्हणाला, "फेकू नोका मास्तर. वापस पाठवाचं काम पडलं त लागंन." खोकं माळ्यावर गेलं.

रुपालीने एक पान तयार केलं. पुस्तकाचं नव्हे, इंटरनेटवरचं. ते कुठल्याही गावातल्या कम्प्युटरवर उघडायचं. वर आमच्या भागातल्या तलावांचा नकाशा आणि खाली तक्ता. आज कोणत्या तलावात जाळं लागणार, कोणती मासोळी किती आहे, हे तक्त्यात लिहिलेलं. आमची सोसायटी आणि सिंदेवाहीकडची एक सोसायटी, अशा दोघींची माहिती त्यात असायची. तिकडेही अशीच एक मुलगी नोंद करायची. नकाशा हे साधं चित्र नव्हतं. तो पानात बसवलेला एक छोटा प्रोग्राम होता. त्याला ॲपलेट म्हणतात असं तिने मला सांगितलं. मासोळी असेल तर तलाव हिरवा, विकली गेली की लाल. ॲपलेट दर थोड्या वेळाने दूरच्या मोठ्या कम्प्युटरला विचारायचं आणि रंग बदलायचं. ते बनवायला ती चंद्रपूरला असताना शिकली होती.

पहिले काही आठवडे छान गेले. गडचिरोलीचे, चंद्रपूरचे लहान व्यापारी येऊ लागले. आणि बल्लारपूरहून सुगंधाबाई येऊ लागली.

सुगंधाबाई बल्लारपूरच्या बाजारात मासोळी विकायची. पेपर मिलच्या कामगारांच्या बायका तिच्याकडूनच घ्यायच्या. आवाज असा की इथून हाक मारली तर पलीकडच्या पाळीवरचा माणूस वळून पाहील. तिला वाचता येत नव्हतं. बल्लारपूरला कुलदीप दुर्गे नावाच्या मुलाचं इंटरनेटचं दुकान होतं. तो सकाळीच आमचं पान उघडून ठेवायचा आणि तिला वाचून दाखवायचा. त्याच्या बदल्यात ती त्याला कधीमधी एखादी मरळ द्यायची. मग बर्फ आणि टोपल्या घेऊन ती गोंदियाकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये चढायची, मूलला उतरायची आणि काळीपिवळी जीपने पाळीवर यायची.

एके दिवशी ती आली तेव्हा पाळीवर मासोळीचा खवलाही नव्हता. गडचिरोलीचा एक व्यापारी सकाळीच सगळा माल घेऊन गेला होता. रुपालीने लगेच तशी नोंदही केली होती.

सुगंधाबाईने डोक्यावरची टोपली खाली आपटली. बर्फाचं पाणी पाळीवरून वाहू लागलं. "काऊन वो पोट्टे! कुलदीपनं मायासमोर वाचलं. रोहू हाय, कतला हाय. कुठी हाय? दाखव मले!"

रुपाली म्हणाली, "मावशी, नकाशावर तलाव लाल झाला होता. कुलदीपभाऊनं खालचा तक्ता वाचला. तक्ता जुनाच होता."

"मंग मी काय बजारात नकाशा इकू?"

पाळीवरची माणसं हसली. रुपाली हसली नाही.

चूक कुठे होती ते तिने मला त्या संध्याकाळी समजावलं. मला जेवढं कळलं तेवढं लिहितो. नकाशा पानाच्या आत बसला होता, पण पानापासून वेगळा होता. बाहेर काय बदललं ते त्याला कळायचं. पानाला कळायचं नाही. पान एकदा उघडलं की त्यातला तक्ता, कोणी पुन्हा ताजं करायचं बटण दाबेपर्यंत, तसाच राहायचा. कुलदीपने ते सकाळी उघडलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. वर नकाशा लाल, खाली तक्ता म्हणतोय मासोळी आहे. एकाच पानावर दोन गोष्टी. आणि फोन करून सांगायची सोयही नव्हती. इंटरनेट चालू असलं की माझा फोनही अडकलेला आणि कुलदीपचाही.

"कुलदीपला सांग ना, सारखं बटण दाबत राह म्हणून," मी म्हणालो.

"मास्तर, थो त्याचं दुकान सांभाळंन का आपलं बटन?"

तेही खरं होतं.

चार दिवसांनी सोसायटीची मीटिंग भरली. सुगंधाबाईसोबत अजून एकदोघांची फेरी वाया गेली होती. धनराज वाईट माणूस नाही, पण सचिव आहे. तो म्हणाला, "बाहेरगावच्या मानसाले खोटं सांगून बलावनं, हे आपल्या सोसायटीले शोभत नाई. होळीच्या आधी मोठं जाळं लागनार हाय. थ्या दिवशी पान बराबर चाललं त कम्प्युटर राहील. नाई चाललं त खोकं माळ्यावर हायच. कम्प्युटर चंद्रपूरले वापस, आन् मासोळी पयल्यासारखी ठेकेदाराले."

सगळ्यांनी मनसारामभाऊंकडे पाहिलं. त्यांनी तंबाखू मळली आणि म्हणाले, "बरोबर हाय."

 बाहेर आल्यावर रुपाली मला म्हणाली, "मास्तर, उद्यापासून लवकर येईन. चालंन नं?" मी म्हणालो, चालेल. घरी येऊन मी माळ्यावरच्या खोक्याकडे उगाच बघत बसलो.

पहिला उपाय तिने सोपा केला. पानात एक ओळ घातली की ते मिनिटा-मिनिटाला आपोआप ताजं व्हायचं. मला वाटलं, झालं काम. पण आमच्या फोनच्या तारेतून सगळं मुंगीच्या चालीने यायचं. पान पांढरं व्हायचं, नकाशाच्या जागी करडी चौकट यायची, तीत वाफ निघणाऱ्या कपाचं चित्र दिसायचं. तो कप जाऊन तलाव दिसू लागेपर्यंत मिनिट संपायचं आणि पान पुन्हा पांढरं. बल्लारपूरहून कुलदीपने संध्याकाळी फोन केला, "ताई, तुमच्या पानावर फक्त चाय दिसून राह्यली. सुगंधाबाई म्हन्ते, मासोळी कवा येईल?"

त्याच दिवशी मनसारामभाऊ पोरीला जेवायला बोलवायला आले होते. दारात उभे राहून ते पडद्याकडे बघू लागले. पान पांढरं झालं, कप आला, पुन्हा पांढरं झालं.

"हे काऊन उघडझाक करून राह्यलं?"

"मिनिटाले एकडाव नवं होते, बाबा."

"कोन सांगते त्याले?"

"कोनी नाई. घडी."

"घडी पाहून ओढते?" मनसारामभाऊ हसले. "चाल, भाकर थंडी होऊन राह्यली."

ते निघाले. रुपाली उठली नाही. डाव्या हाताने उजवं मनगट धरून ती खुर्चीत तशीच बसून राहिली. मला वाटलं, बाप हसला म्हणून तिला लागलं. मी म्हणालो, "जा बाई, जेवून घे."

"मास्तर," ती म्हणाली, "मी दोर धरनारी पोट्टी, आन् अंदाजानं जाळं ओढून राह्यली होती."

"म्हणजे?"

"नकाशा आत हाय. पान पाळीवर हाय. आत काय झालं थे नकाशाले मालूम पडते. मंग पानानं घडी कायले पाहाची? काई बदललं की नकाशानंच झटका द्यावा. पानानं तेवढ्याच वेळी हालावं. बाकी वेळ गप बसावं."

मला ते इतकं सरळ वाटलं की हे आधीच का कोणाला सुचलं नाही असं मनात आलं. पण सुचणं आणि होणं यांत बरंच अंतर असतं.

ती रोज सकाळी यायची. ॲपलेटमध्ये तिने लिहिलं की तलावाची माहिती बदलली की त्याने ब्राउझरला सांगायचं, हे पान पुन्हा उघड. लिहून झालं. करून पाहिलं. नकाशा लाल झाला. पान ढिम्म. पुन्हा लिहिलं. पुन्हा ढिम्म. मी चहा करायचो, ती प्यायची विसरायची. चंद्रपूरच्या तिच्या सरांना तिने ईमेल केला. उत्तर आलं तेव्हा ती कपाळावर हात मारून हसली. आत बसवलेल्या प्रोग्रामला पानाशी बोलायचं असेल तर पानाने आधी तशी परवानगी द्यावी लागते. जिथे नकाशा बसवला त्या ओळीत एक शब्द लिहावा लागतो. तो शब्दच राहिला होता.

"थो झटके देऊन राह्यला होता, मास्तर. पानानं दोर मनगटाले गुंडायलाच नोता."

तो शब्द लिहिला. तिने तलाव हिरव्याचा लाल केला आणि हात मांडीवर ठेवून बसली. थोडा वेळ काही नाही. मग पान स्वतःहून पांढरं झालं, कप आला, गेला, आणि तक्त्यात आमच्या गावासमोर लिहून आलं की माल संपला. कोणी हात लावला नव्हता. मी आयुष्यभर पत्रं हाताने पोचवली. त्यामुळे असेल, मला जरा भीतीच वाटली.

पण बल्लारपूरहून कुलदीपचा ईमेल आला: पान हललं, पण जुनंच परत आलं.

आता ती खरी रडकुंडीला आली. होळी जवळ आली होती. पळसाला फुलं आली होती आणि तलावाचं पाणी उतरून कडेचे बुंधे दिसू लागले होते. दोन दिवस ती आली नाही. ताराबाई मला म्हणाल्या, "भाऊ, पोरगी जेवत नाई. नाई जमलं त नाई जमलं म्हना तिले. तुमचं आयकते थे." मी गेलो, पण तिच्यासमोर मला ते म्हणता आलं नाही. मी विचारलं, "जुनं पान येतं कुठून?"

"कुलदीपभाऊच्या मशीनमधून. एकडाव आनलेलं पान थे ठेवून घेते. पुन्हा मांगितलं त थेच काढून देते. तार हळू हाय नं, म्हून."

"म्हणजे पत्ता तोच असला की जुनंच पत्र दाखवते?"

"हो."

"आणि पत्ता बदलला तर?"

एवढंच मी विचारलं, आणि तेही मला पत्त्यांशिवाय काही कळत नाही म्हणून. ती म्हणाली, "थे सरांनी बी लिवलं होतं, मी नीट वाचलं नाई," आणि चप्पल न घालता माझ्या घराकडे निघाली. पानाच्या पत्त्याच्या शेवटी तिने त्या क्षणाची वेळ जोडली. पान तेच, पण दर वेळी पत्ता नवा. त्यामुळे कुलदीपच्या मशीनला जुनं काढून देता येईना. माझ्या खोलीत ते चाललं. बल्लारपूरला चालतं की नाही ते आता मोठ्या जाळ्याच्या दिवशीच कळणार होतं. कारण कुलदीपचा फोन नेमका त्या आठवड्यात बंद पडला आणि सुरू झाला तो त्याच सकाळी.

आणि त्या सकाळी वेगळाच पेच उभा राहिला. बुडी मारणार मनसारामभाऊ. दोर धरणार रुपाली. आणि माल विकला की त्याच क्षणी नोंद करायला रुपालीला तर कम्प्युटरसमोर बसायचं होतं.

पाळीवर सगळे जमले होते. धनराज म्हणाला, "भाऊ, दोर कोन धरंन?"

ताराबाईंनी आधीच मान फिरवली होती. मनसारामभाऊंनी कमरेला दोर बांधला, गाठ ओढून पाहिली आणि दुसरं टोक माझ्याकडे केलं.

"मास्तर धरतीन."

मी मागे सरकलो. "भाऊ, घरच्या मानसानं..."

"पोरगी दिवसभर कोनाच्या घरी ऱ्हायते? चाय कोनाच्या घरची पिते? धरा."

 मी दोर मनगटाला गुंडाळला. मनसारामभाऊ डोंग्यातून पाण्यात गेले आणि वर नुसते बुडबुडे राहिले.  दोर मधूनच हलायचा. मला वाटायचं झटका आहे. मग वाटायचं, नाही, पाण्याचीच ओढ आहे. रुपाली लहानपणी हाक मारली तरी मान का वळवत नव्हती ते मला तेव्हा कळलं. मग आतून दोन झटके बसले. असे बसले की शंकाच उरली नाही. मी तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही.

"बोला नं मास्तर!" धनराज ओरडला.

"ओढा!" मी म्हणालो. धनराज अजून सांगतो की ती ओरड नव्हती, खोकला होता. पण जाळं ओढलं गेलं, आणि मनसारामभाऊ डोंग्याची कड धरून वर आले.

माल चांगला निघाला. तो टोपल्यांत भरेपर्यंत गडचिरोलीच्या व्यापाऱ्याची गाडी पाळीवर आली आणि सगळा माल त्याने बोलीत घेतला. म्हणजे पुन्हा तेच. सकाळी पानावर लिहिलं होतं, माल आहे. आता नव्हता. आणि तिकडे सुगंधाबाईची गाडी सुटायची होती. धनराज सायकल दामटत माझ्या घरी गेला. मी पोचलो तेव्हा रुपालीने नोंद केली होती, आणि आमचं पान हललंही होतं.

"बल्लारपूरचं हाललं का?" धनराजने विचारलं.

"थे इथून नाई दिसत, काका."

"मंग कवा दिसंन?"

"गाडी आली की."

आम्ही काळीपिवळीने मूलच्या स्टेशनवर गेलो. रुपाली, धनराज, मनसारामभाऊ आणि मी. मनसारामभाऊंचे केस अजून ओले होते. सुगंधाबाई मूलला उतरली तर काय होणार ते चौघांनाही माहीत होतं. धनराज दोनदा म्हणाला, "उतरली त मीच बोलीन तिच्याशी, तू मागं ऱ्हा." त्यालाही वाईट वाटत होतं, हे मला तेव्हा दिसलं.

गाडी आली. लोक उतरू लागले. सायकलवाले, लग्नाची चार माणसं, शाळेतल्या मुली. मग एका डब्याच्या दारात टोपली दिसली आणि टोपलीमागे सुगंधाबाई.  रुपालीने बापाचा हात धरला.

सुगंधाबाईने टोपली दारातून आत ओढली. एका चढणाऱ्या माणसाला म्हणाली, "बाबू, सरक नं जरासा, माया बर्फावर पाय देऊन राह्यला तू." आणि दारातच बसली. उतरली नाही. मग तिची नजर आमच्यावर पडली.

"अवं बया! पूरी सोसायटी आली का मले घ्याले? मी उतरत नाई बरं! तुमच्या तलावात काय हाय आता, बेडकं?"

रुपाली दाराकडे धावली. "मावशी, कुठी चालली?"

"सिंदेवाहीले! तिथी माल हाय नं, तुयंच पान म्हन्ते. मी कुलदीपसंगं बोलून राह्यली होती, मूलची तिकिट काढाचीच होती, आन् थे पान मायासमोर हाललं. कुलदीपनं हात बी नाई लावला, मायी शपथ! तुमचं गाव गेलं आन् सिंदेवाही राह्यलं. थ्या कुलदीपचं तोंड पाहाचं होतं तू!"

"खरंच हाललं?"

"मी खोटं बोलतो का वो? थांब, वापस येतानी मरळ देतो तुले. तुया तलावात त काईच नाई उरलं!"

गाडी हलली. ती दारातून हात हलवत राहिली आणि शेवटपर्यंत काहीतरी बोलत होती, पण ऐकू आलं नाही. रुपाली रुळांकडे बघत उभी होती. आम्ही माणसाला घ्यायला स्टेशनवर जातो आणि तो उतरला की आनंद होतो. त्या दिवशी एक बाई उतरली नाही म्हणून आम्ही चौघं फलाटावर हसत होतो. भजीवाल्याला वाटलं असेल, यांना ऊन लागलं.

"धनराजभाऊ," मनसारामभाऊ म्हणाले, "खोक्याचं काय करता?"

"मास्तरच्या माळ्यावर हाय. मले कायले विचारता?"

कम्प्युटर माझ्याच घरी राहिला. ते पान बरीच वर्षं चाललं. आता सगळ्यांकडे मोबाइल आले आहेत. सुगंधाबाईकडेही आहे, आणि तिचा आवाज मोबाइलशिवायही इथवर येईल असं धनराज म्हणतो. पान आता कोणी उघडत नाही. रुपाली मूलला मुलामुलींना कम्प्युटर शिकवते. तलावांकाठची बरीच पोरं तिच्याकडे येतात. नवीन मुलांना ती पहिल्या दिवशी एक दोर मनगटाला गुंडाळायला लावते आणि दुसऱ्या टोकाने झटका देते. त्यांना काही कळत नाही. नंतर कळतं म्हणे. मोठ्या जाळ्याच्या दिवशी मात्र ती क्लास बंद ठेवते आणि पाळीवर येऊन बापाचा दोर धरते. आता मी तिला हाक मारत नाही.

खोकं त्याच आठवड्यात ताराबाईंनी मागून नेलं. त्यात गवत घालून त्यांनी कोंबडी बसवली. पिल्लं सगळी निघाली. त्यातलं एक मला दिलं होतं, ती कोंबडी फार वर्षं माझ्या अंगणात होती.

एवढंच मला आठवतं. धनराजने वाचून पाहावं.